इंटरव्ह्यूत ‘बघतो’ म्हणायचं नाही

आमच्या वर्गात एक फळा आहे. त्याच्यावर इंटरव्ह्यूला जाताना काय करायचं नाही ते लिहिलेलं असतं. सुरुवातीला पाच नियम होते. मला वाटलं, पाच नियम पाळले की झालं, पोरं नोकरीला लागतील, मी मोकळी. आता फळा भरलाय, शेजारची भिंतही अर्धी भरलीय. कारण नियम मी करत नाही. नियम पोरं करतात! एक चूक पुसावी, तर पुढच्या रविवारी कुणीतरी अशी चूक करून येतो की खडू हातात धरून मी नुसती उभी राहते. म्हणून आमच्याकडं नियमाला नंबर नाही, नाव आहे. ‘घोड्याचा नियम’. ‘चुलत्याचा नियम’. ‘अस्लमचा नियम’.

हा वर्ग भरतो कोल्हापुरातल्या एका तालमीच्या माडीवर. खाली लाल माती, वर इंटरव्ह्यू. मी आठवडाभर शिरोलीच्या एका फौंड्रीत पर्सोनेल ऑफिसात काम करते. इंटरव्ह्यूच्या दिवशी केबिनबाहेर बसून नावं पुकारायची आणि फायली आत द्यायच्या, हे माझं काम. दोन वर्षं मी बघत होते. हातात कसब असलेली, डोकं चालणारी पोरं आत जायची आणि सात मिनिटांत बाहेर यायची. कारणं ऐकली की डोकं फुटायचं. शेवटी तालमीच्या वस्तादांना जाऊन म्हटलं, "रविवारी माडी द्या, मी पोरांना फुकट शिकवते."

वस्ताद सत्तरीचे. कान कुस्तीत मोडलेले. म्हणाले, "माडी घे पोरी. पण इंटरव्ह्यू म्हंजे काय, ते मला आधी सांग."

मी सांगितलं.

"म्हंजे न लढताच निकाल?" वस्ताद म्हणाले. "अवघड हाय."

*

पहिला मान चुलत्याचा.

कागलकडचा एक मुलगा आमच्या फौंड्रीत ट्रेनीच्या इंटरव्ह्यूला आला. एकटा नाही. जीप भरून! चुलता, मामा, गावचे एक माजी पुढारी, आणि एक जण कोण होता ते शेवटपर्यंत कळलं नाही. सगळ्यांना टोप्या, सगळ्यांना इस्त्री. रिसेप्शनच्या सोफ्यावर मुलाला जागाच उरली नाही, तो उभा.

मी नाव पुकारलं तर चुलता उठला. म्हटलं, "काका, इंटरव्ह्यू त्याचा आहे." तर म्हणाला, "पोरगं लाजरं हाय. मी सांगतो की!" आणि सरळ आत.

आमचे साहेब सभ्य माणूस. त्यांनी दोघांना बसवलं. प्रश्न मुलाला, उत्तर चुलत्याचं. शिक्षण? चुलता. अनुभव? चुलता. साहेबांनी विचारलं, "याच्यात कमतरता काय वाटते?" चुलता विचार करून म्हणाला, "उष्णता हाय जरा. बाकी निर्व्यसनी."

दहा मिनिटांनी चुलता उठला, हात जोडले आणि दारातून वळून म्हणाला, "आमच्याकडनं पसंती हाय. तुमचं काय ते कळवा."

*

पुढचा घोड्याचा.

एका तालुक्याच्या गावातून अकरा मुलं एकाच दिवशी आली. अकरा जणांचे बायोडाटा मी फायलीत लावले. आणि थांबले. अकराही जणांचा छंद एकच. घोडेस्वारी!

आता फौंड्रीत वितळलेलं लोखंड ओतायला घोडेस्वार कशाला लागतात? पण साहेबांना गंमत वाटली. पहिल्याच मुलाला विचारलं, "घोडा कुठला आहे?"

मुलानं बायोडाटा हातात घेतला. आयुष्यात पहिल्यांदा वाचला. आणि अतिशय प्रामाणिकपणे म्हणाला, "झेरॉक्सवाल्याचा असंल, सर."

मी त्या संध्याकाळी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘स्वतःचा बायोडाटा स्वतः लिहा. निदान वाचा!’ रविवारी हे पोटतिडकीनं सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. वर्ग सुटल्यावर एक जण जवळ आला आणि हळूच म्हणाला, "ताई, तुमचा बायोडाटा द्या की. झेरॉक्स काढून आणतो."

*

अस्लमबद्दल आत्ताच सांगायला हवं, कारण या सगळ्या धिंगाण्यात माझा जीव अडकला होता तो त्याच्यात.

अस्लम कुरुंदवाडचा. इलेक्ट्रिकल डिप्लोमा. घरी वडिलांचं मोटर रिवायंडिंगचं दुकान. म्हणजे शेतकऱ्यांच्या पाण्याच्या मोटारी जळल्या की त्यांची तांब्याची तार काढून नवी गुंडाळून देणं. अस्लम सहावीत असल्यापासून हे काम करतोय. वर्गात त्याच्याइतका हुशार हात दुसरा नाही. पण कंपन्या ट्रेनी म्हणून डिप्लोमा होऊन दोन वर्षांच्या आतलीच मुलं घेतात. अस्लमची दोन वर्षं जूनअखेर संपत होती. त्यानंतर तो फ्रेशर नाही आणि अनुभवीही नाही. अनुभव दुकानातला, म्हणजे कागदावर शून्य!

आणि दुकानाचं काय, तर महापुरात दोनदा छतापर्यंत पाण्यात गेलेलं. त्याचे वडील, आम्ही त्यांना चाचा म्हणतो, मला एकदा म्हणाले होते, "मॅडम, पाण्यात बुडणार न्हाय असं एक तरी काम घरात पायजे."

चार इंटरव्ह्यू झाले होते. चारही गेले. चौथा आमच्याच फौंड्रीत, माझ्या डोळ्यांदेखत. दार अर्धं उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं.

"मोटर वायंडिंग येतं का?"

"बघतो, सर."

मी कपाळाला हात लावला.

"थ्री फेज?"

"बघतो."

"पॅनेलमधला फॉल्ट शोधता येईल?"

"बघतो की."

साहेब फाईल मिटून म्हणाले, "ठीक आहे. आम्हीही बघतो."

बाहेर आल्यावर मी त्याला जिन्यातच धरलं. "अरे, तुला झोपेत येतं ते! ‘येतं’ म्हणायला काय झालं होतं?"

अस्लम खाली बघत म्हणाला, "मोटर बघितल्याशिवाय कसं सांगू, ताई?"

आणि पायात काय, तर चपला! बूट कुठं आहेत विचारलं तर म्हणे नदीकाठाला बुटाला बुरशी येते. त्या रविवारी फळ्यावर अस्लमच्या नावाचे दोन नियम लागले. ‘बघतो म्हणायचं नाही.’ आणि ‘बुटाशिवाय इंटरव्ह्यू नाही.’

*

मध्यंतरी वस्तादांनी आग्रह धरला की तालमीतल्या पैलवानांनाही इंटरव्ह्यू शिकव. म्हणून एका पैलवानाला बोलावलं. सिक्युरिटी सुपरवायझरच्या जागेसाठी जाणार होता. खुर्चीवर बसला, खुर्ची कण्हली.

मी नेहमीचा प्रश्न विचारला. "तुमचा वीकनेस काय?"

पैलवानानं दंड चाचपले.

"म्हणजे तुमची कमजोरी. एखादी तरी सांगा."

पैलवानानं मागं वस्तादांकडं बघितलं. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "सांगतोय कशाला? समोरच्यानं तिथंच धरलं म्हंजे?"

"शाब्बास!" वस्ताद मागून ओरडले.

मी पंधरा मिनिटं समजावलं की हा प्रश्न प्रामाणिकपणा बघायला विचारतात, आपली उणीव आणि ती सुधारायला आपण काय करतोय ते सांगायचं असतं. पैलवानानं सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "बरं. पण मग त्यांची कमजोरी ते कधी सांगणार?"

*

आता हा पावण्यांचा आजार. आपल्याकडं दोन माणसं भेटली की पाच मिनिटांत नातं निघालंच पाहिजे. बसमध्ये ठीक आहे, लग्नात ठीक आहे. पण इंटरव्ह्यूत?

आमच्या वर्गातला एक मुलगा एका कंपनीत गेला. समोरच्या मॅनेजरनं नाव वाचून विचारलं, "गाव कुठलं?" झालं! मुलानं गाव सांगितलं. मॅनेजर म्हणाले, "अरे, आमच्या मिसेसचं आजोळ तिथलं." मुलगा खूश. आत्या कुठं दिलीय, मामा कुठला, देवळाच्या मागची आळी का पुढची. मशीनचं नाव नाही, कामाचं नाव नाही, वीस मिनिटं आळ्या चालल्या. मॅनेजर म्हणाले, "म्हणजे ओढ्याच्या पलीकडची जमीन आमच्या मामेसासऱ्यांची."

मुलाचा चेहरा बदलला. "ओढ्याच्या पलीकडची? बांध कोरलाय ते?"

"बांध आमचाच आहे. केस चालू आहे."

मुलगा ताडकन उठला. सर्टिफिकेटं गोळा केली. "म्हंजे तुम्ही त्यातलं व्हय!" असं म्हणून निघून आला.

वर्गात येऊन हे त्यानं छाती काढून सांगितलं. मी म्हटलं, "अरे, नोकरी गेली ना!"

"जाऊ दे. बांध न्हाय सोडणार, ताई."

*

पोरांनाच नावं ठेवत बसले तर ते खोटं होईल. टेबलाच्या पलीकडं बसणाऱ्यांसाठी कुणी वर्ग घेत नाही, हे खरं दुखणं आहे. फोन बघत बघत प्रश्न विचारणारे, उत्तर अर्ध्यात तोडणारे, इंग्रजी अडखळलं की हसणारे. त्यांना कोण नापास करणार?

सुजाता शिरोळ तालुक्यातली. बी.कॉम., अकाउंट्सला पक्की, बोलायला त्याहून पक्की. तिला एका ऑफिसात विचारलं, "पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?"

सुजाता म्हणाली, "पावसाळ्यात का उन्हाळ्यात?"

समोरचे तिघेही खो खो हसले. सुजाता हसली नाही. पावसाळ्यात पाणी कुठवर येतंय त्यावर तिच्या घरचं सगळं ठरतं. तिची सर्टिफिकेटं प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळून तुळईला बांधलेली असतात. तिनं अगदी सरळ प्रश्न विचारला होता.

मग त्यातल्या एकानं नेहमीचा बाण काढला. "लग्नाचं काय? उद्या लग्न झालं की नोकरी सोडणार. आम्ही ट्रेनिंग द्यायचं कशाला?"

सुजातानं विचारलं, "सर, तुमचं झालंय?"

"हो, म्हणजे काय!"

"मग तुम्हाला तर ठेवून घेतलंय की अजून!"

तिची निवड झाली नाही. रविवारी तिनं हे सांगितल्यावर मी खडू घेऊन फळ्यापाशी गेले. हिच्या नावानं कुठला नियम लिहायचा? काय चुकलं तिचं? पाच मिनिटं उभी राहिले आणि खडू ठेवून दिला. फळ्यावर एवढी एकच जागा रिकामी आहे, ती सुजाताची.

*

मे महिना संपत आला तशी मी अस्लमच्या मागं हात धुऊन लागले. कागलच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीनं मेंटेनन्स ट्रेनीसाठी बोलावलं होतं. जून संपायच्या आत हा शेवटचाच. इथं चुकलं की पुढं दारच बंद.

मी एका सुट्टीला थेट कुरुंदवाडला गेले. म्हटलं, या ‘बघतो’चं मूळ शोधूनच काढते.

दुकानात बसले होते तेवढ्यात एक शेतकरी मोटरसायकलवर बंद पडलेली मोटर बांधून आला. "चाचा, ऊस वाळाय लागलाय. व्हईल काय?"

चाचांनी मोटर न बघताच म्हटलं, "बघतो."

शेतकरी निर्धास्त चहाला गेला! अस्लमनं मोटर खोलली. बाप आणि लेक समोरासमोर बसले, दोन तास एक शब्द नाही. मोटारीवरून दोघांची नजर हटत नव्हती. शेवटी बटण दाबलं. मोटर फिरली. चाचांनी कान लावून ऐकलं आणि परत आलेल्या शेतकऱ्याकडं बघून तोंड उघडलं. "ने जा."

मी विचारलं, "चाचा, आधीच ‘होईल’ का नाही सांगितलंत? तुम्हाला माहीत होतं."

"मोटर फिरल्याशिवाय तोंड उघडायचं न्हाय," चाचा म्हणाले. "आमच्या बापानं मला सांगितलंय, मी ह्याला. आधी ‘झालं’ म्हणणाऱ्याची मोटर दुसऱ्या दिवशी परत येतीया."

माझा संयम सुटला. "चाचा, इंटरव्ह्यूत मोटर नसते! तिथं नुसतं बोलायचं असतं!"

चाचांनी हातातला पाना खाली ठेवला. खरंच कोड्यात पडले होते.

"मग ते बघत्यात काय?"



*

तरी मी हार मानली नाही. तीन रविवार तालीम झाली. वस्ताद साहेब व्हायचे, गळ्यात माझी ओढणी टायसारखी बांधून.

"वायंडिंग येतं काय?"

"ब..."

"अस्लम!" मी.

"ये..." अस्लमला घाम फुटायचा. चोरी कबूल करायला लावल्यासारखा चेहरा व्हायचा. तिसऱ्या रविवारी एकदाचा म्हणाला, "येतं." इतक्या हळू, की खालच्या बैठकांचा आवाज त्याच्यापेक्षा मोठा होता.

"मोठ्यानं!" वस्ताद.

"येतं!" अस्लम ओरडला आणि लगेच माझ्याकडं वळून म्हणाला, "पण ताई, मोटर कुठली हाय त्यावर हाय."

इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी मी त्याच्याकडून फोनवर पुन्हा सगळं घोकून घेतलं. दहा मिनिटं आधी पोचायचं. नजर मिळवून बोलायचं. कंपनी काय बनवते ते माहीत पाहिजे. आणि बूट! भावाचे घे, मित्राचे घे, पण बूट घाल. आणि तो एक शब्द म्हणायचा नाही.

"न्हाय म्हणत, ताई."

इंटरव्ह्यूच्या दिवशी संध्याकाळी पाचपासून मी फोन हातात घेऊन बसले. सहा वाजले, त्याचा फोन नाही. सात वाजता मीच लावला.

"काय झालं?"

 अस्लम म्हणाला, "बघतो, ताई."

मी फोन आपटला. दोन वर्षं, पाच इंटरव्ह्यू, तीन रविवार, वस्तादांच्या गळ्यातली ओढणी, आणि शेवटी काय तर ‘बघतो’!

पुढच्या रविवारी अस्लम आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तिसऱ्या रविवारी मी फोन केला, उचलला नाही. वस्ताद म्हणाले, "हरलेला गडी तोंड दाखवत न्हाय. येईल." पण ते म्हणताना ते माझ्याकडं बघत नव्हते. जून संपला. चौथ्या रविवारी मी ओला फडका घेऊन अस्लमचे दोन्ही नियम पुसायला गेले. पुसवले नाहीत. तशीच खाली आले.

सोमवारी दुपारी ऑफिसात असताना फोन वाजला.

"मॅडम, कुरुंदवाडहून बोलतोय, अस्लमचा अब्बा. कामात हाय काय?"

हातातली फाईल मी मिटली. "बोला ना, चाचा."

"एक विचारायचं हुतं. इंटरव्ह्यू किती दिवस चालतोय?"

"दिवस? अर्धा तास चालतो, चाचा. फार तर एक तास."

"असं व्हय." मागं कुठलीतरी मोटर घरघरत होती. "न्हाय, आमचं पोरगं अठरा दिवस झालं जातंय की! पहाटं पाचला डबा घेऊन. कुठं रे म्हटलं की म्हणतंय, इंटरव्ह्यूला."

मी खुर्चीत सरळ झाले.

"चाचा, पायात काय असतं त्याच्या?"

"बूट की! लई जड हाईत. म्होरं लोखंड बसवलंय. तुम्हीच फळ्यावर लिहिलंयसा म्हणं, बुटाशिवाय इंटरव्ह्यू न्हाय."

"तुम्ही... तुम्ही नीट विचारलं नाही त्याला?"

"मी कशाला विचारू?" चाचा म्हणाले. मागची मोटर बंद झाली. त्यांचा आवाज एकदम जवळ आला. "तुम्हाला काय बोललाय काय, बेटी?"

सगळं ऑफिस डोकावून बघेल अशी ओरडणार होते मी. तोंड उघडलंही होतं. ते मिटलं.

"बघते, चाचा," म्हटलं.